डांग्या खोकला आणि आईची शिदोरी

खोकला सगळ्यांनाच येतो. पाऊस लागला की येतो, थंडी पडली की येतो, चार दिवस राहतो आणि जातो. म्हणून खोकल्याला आपण फारसे भीत नाही. पण एक खोकला वेगळा आहे. त्याला आपण डांग्या खोकला म्हणतो. हिंदी बोलणारे त्याला काली खाँसी म्हणतात. चीन देशात त्याला शंभर दिवसांचा खोकला असे नाव आहे. नाव दूरचे असले तरी खरे आहे. हा खोकला आठवडे नि महिने पिच्छा सोडत नाही.

मोठ्या माणसाला तो नुसता छळतो. तान्ह्या लेकराचा तो जीव घेऊ शकतो. घरात बाळ येणार असेल तर हे आधीच माहीत असावे. बाळ आल्यावर शिकायला वेळ राहत नाही.

हा खोकला कसा ओळखावा?

पहिला आठवडा-दोन आठवडे काही कळत नाही. नाक गळते, बारीक ताप येतो, थोडा खोकला असतो. आपण म्हणतो, सर्दी झाली आहे, जाईल.

मग खोकल्याची उबळ सुरू होते. मूल खोकत सुटते. एकामागून एक अशा दहा-वीस ढासा येतात. मधे श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. तोंड लाल होते, डोळ्यांतून पाणी येते. उबळ संपली की मूल जोराने श्वास आत ओढते. तेव्हा 'हूप' असा आवाज होतो. पुष्कळदा शेवटी उलटी होते. ही उबळ रात्री जास्त येते. मधल्या वेळात मूल खेळते, जणू काही झालेच नाही. म्हणून घरचे फसतात.

हा रोग एका जंतूपासून होतो. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. बेल्जियम देशातल्या जूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू या दोन शास्त्रज्ञांनी तो १९०६ साली वेगळा काढून दाखवला. रोगी खोकला की थुंकीचे बारीक तुषार हवेत उडतात. त्यांच्याबरोबर जंतू उडतात आणि जवळच्याच्या श्वासात जातात. जंतू शिरल्यावर साधारण सात ते दहा दिवसांनी खोकला सुरू होतो. जिथे कोणालाच या रोगाचे संरक्षण नाही, तिथे एक रोगी बारा-पंधरा जणांना आजारी पाडू शकतो. म्हणजे हा रोग नजर लागल्याने होत नाही, कोणाच्या शापानेही होत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो.

तान्ह्या बाळात तो वेगळा दिसतो

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. एक-दोन महिन्यांच्या बाळाला जोराने खोकण्याची ताकद नसते. त्यामुळे 'हूप' असा आवाज येईलच असे नाही. कधी कधी खोकलाही ठळक नसतो. बाळ दूध ओढता ओढता थांबते. त्याचा श्वास काही क्षण बंद पडतो. ओठ निळे-काळे पडतात. मग परत श्वास सुरू होतो. आईला वाटते, ठसका लागला असेल. पण तो ठसका नसतो. तो डांग्या खोकला असू शकतो. असे झाले की एक तासही घरी काढू नये.

मोठ्या मुलापेक्षा तान्ह्या बाळाला या रोगाचा धोका फार जास्त. त्यातही पहिले दोन-तीन महिने सर्वांत अवघड.

सहा आठवड्यांची फट

"मग बाळाला लस आहे ना?" असे तुम्ही म्हणाल. आहे. आपल्या देशात ही लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. पूर्वी तिला त्रिगुणी लस म्हणत. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तीन रोगांवरची ती लस. आता तान्ह्या बाळांना पेंटाव्हॅलंट नावाची लस देतात. तीत हे तीन रोग येतात आणि आणखी दोन. तिचे डोस तीन. पहिला सहाव्या आठवड्यात, दुसरा दहाव्या आठवड्यात, तिसरा चौदाव्या आठवड्यात. पुढे दीड वर्षाच्या सुमारास एक आणि पाच-सहा वर्षांचे झाल्यावर एक असे त्रिगुणीचे दोन डोस असतात.

आता हिशोब करा. बाळ जन्मले आज. पहिली लस सहा आठवड्यांनी. एका डोसाने पुरते संरक्षण येत नाही. तीन डोस लागतात. म्हणजे पहिले सहा आठवडे बाळाकडे लशीचे संरक्षण काहीच नाही, आणि त्यानंतरचे काही आठवडे ते अपुरे आहे. कुंपणाला जिथे फट असते तिथूनच ढोर शेतात शिरते. तसा हा रोग या फटीतून शिरतो.

जन्मल्या दिवशीच ही लस का टोचत नाहीत? कारण इतक्या कोवळ्या अंगाला या लशीचा धडा नीट घेता येत नाही. मग ही फट बुजवायची कशी? ती आईच्या अंगातूनच बुजवता येते.

आईची शिदोरी

लस टोचली की आपल्या रक्तात एक प्रकारची द्रव्ये तयार होतात. डॉक्टर त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ही द्रव्ये रोगाचे जंतू आणि त्यांचे विष ओळखतात आणि त्यांना निकामी करतात.

बाळ पोटात असताना आईच्या रक्तातली ही द्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात जातात. शेवटच्या तीन महिन्यांत ती सर्वांत जास्त जातात. लेक सासरी निघाली की आई तिच्याबरोबर शिदोरी बांधून देते, तशीच ही शिदोरी आहे. बाळ जगात येते ते ही शिदोरी घेऊन. ती काही आठवडे पुरते. तोवर बाळाच्या स्वतःच्या लशीची वेळ येते.

पण आईच्या घरातच नसेल तर ती शिदोरीत काय बांधणार?

पुष्कळ बाया म्हणतात, "मले लहानपणी झाला होता डांग्या खोकला. आता लस काहून घ्यायची?" दुसऱ्या म्हणतात, "मले शाळेत असताना सगळ्या सुया टोचल्या होत्या." दोघींचेही म्हणणे खरे असेल. पण या रोगाचे संरक्षण जन्मभर टिकत नाही. रोग होऊन गेला तरी ते काही वर्षांनी ओसरते. लशीचे तर त्याहून लवकर ओसरते. वीस-पंचवीस वर्षांच्या तरुण बाईच्या रक्तात ते पुष्कळदा इतके थोडे उरलेले असते की तिच्या बाळाला त्याचा उपयोग होत नाही. शिवाय जे काही बाळाकडे जाते, तेही आठवड्या-आठवड्याने घटत जाते.

आणखी एक. बाळ दिवसांच्या आधी जन्मले तर शिदोरी बांधायला आईला वेळच कमी मिळतो. अशा बाळाला जास्त जपावे लागते.

हे नवे नाही. धनुर्वाताचे उदाहरण पाहा

आईला टोचायचे आणि बाळ वाचवायचे, ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई देतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी नाळ कापायला विळा नाहीतर जुने पाते घेत. कोणी नाळेला शेण किंवा राख लावी. बाळ आठ-दहा दिवसांत ताठ होई, दूध ओढेनासे होई आणि दगावे. मग गरोदर बायांना धनुर्वाताची लस देणे सुरू झाले. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. आईच्या अंगातली द्रव्ये बाळात गेली आणि बाळे वाचली. आई आणि नवजात बाळ यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला तो होतो, असा त्याचा अर्थ. सुई आईला टोचली आणि राखण बाळाची झाली.

डांग्या खोकल्याच्या बाबतीत हेच इंग्लंड देशाने करून पाहिले. २०१२ साली तिथे या रोगाची मोठी साथ आली. त्या वर्षी १४ तान्ही बाळे दगावली. तो श्रीमंत देश, दवाखाने भरपूर, मुलांना लसही मिळते. तरी बाळे गेली, कारण ती पहिल्या डोसाच्या वयाचीच नव्हती. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून तिथे गरोदर बायांना डांग्या खोकल्याची लस द्यायला सुरुवात झाली. नंतर हिशोब काढला तेव्हा असे दिसले, की लस न घेतलेल्या आयांची जिथे दहा बाळे आजारी पडतात, तिथे लस घेतलेल्यांचे एखादेच पडते.

आपल्याकडे काय मिळते?

इथे नीट लक्ष द्या, कारण दोन लशींची नावे सारखी आहेत आणि त्यात गोंधळ होतो.

पहिली लस टीडी. पूर्वी टीटी देत, आता टीडी देतात. सरकारी केंद्रात गरोदर बाईला ती फुकट मिळते. ती धनुर्वात आणि घटसर्प यांवर आहे. ती घेतलीच पाहिजे. पण तीत डांग्या खोकल्याचा भाग नाही.

दुसरी लस टीडॅप. तीत तिन्ही रोग येतात, डांग्या खोकलाही येतो. आपल्या सरकारी यादीत गरोदर बाईसाठी ती नाही. ती खासगी दवाखान्यात विकत मिळते. देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना ती घ्यावी असे सांगतात. वेळ म्हणजे गरोदरपणाच्या सत्ताविसाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. आपल्या भाषेत सांगायचे तर डोहाळजेवण होते त्याच दिवसांत. अंगात द्रव्ये तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून अगदी शेवटी धावपळ करू नये. दर गरोदरपणात ती पुन्हा घ्यावी लागते, कारण पहिल्या बाळाची शिदोरी दुसऱ्याला पुरत नाही.

या लशीत जिवंत जंतू नसतो. जंतूचे निवडक, निर्विष केलेले भाग असतात. त्यामुळे ती टोचल्याने आईला किंवा बाळाला डांग्या खोकला होऊ शकत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी थोडी कणकण येते.

मी मास्तर आहे, डॉक्टर नाही. लस घ्यायची की नाही, कोणती आणि केव्हा, हे डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारून ठरवा. विचारताना इतकेच म्हणा, "मला टीडी मिळाली आहे. डांग्या खोकल्याची टीडॅप घेऊ का? किती पैसे लागतील?" विचारायला पैसे पडत नाहीत. डोहाळजेवणाचा खर्च ठरवताना घरच्यांनी या सुईचाही विचार करावा. एक जेवणाची पंगत कमी झाली तर कोणाचे बिघडत नाही.

लस घेता आली नाही तर?

सगळ्यांनाच ती विकत घेणे जमणार नाही. मग काय बाळ देवावर सोडायचे? मुळीच नाही. आपल्या हातात पुष्कळ काही आहे.

आपल्याकडे सव्वा महिन्याची रीत आहे. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. ही रीत कामाची आहे. सव्वा महिना म्हणजे जवळपास सहा आठवडे. फट नेमकी तेवढीच आहे. पण ही रीत आपण अर्धीच पाळतो. बाळ बाहेर जात नाही, पण सारे गाव आत येते. बाराव्या दिवशी बारसे असते. पाव्हणे येतात. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जाते. जो तो मुका घेतो. त्यांतला एखादा महिनाभर खोकत असतो. तो म्हणतो, "काही नाही जी, साधा खोकला आहे." मोठ्या माणसात डांग्या खोकला असाच दिसतो, साधा पण न जाणारा.

बाळाला हा रोग पुष्कळदा घरातल्याच माणसाकडून लागतो. कधी आईकडून, कधी मोठ्या भावंडाकडून, कधी बाप-आजोबांकडून. म्हणून एक साधा नियम करा. जो खोकतो तो बाळाच्या खोलीत जाणार नाही. मग तो सासरा असो की सरपंच. राग आला तर येऊ द्या. बाळाच्या आजीने हे सांगितले तर कोणी वाईट मानत नाही, म्हणून हे काम आजीकडे द्यावे. खुद्द आईला खोकला असेल तर तिने नाका-तोंडावर स्वच्छ फडके बांधून, हात धुऊन बाळाला पाजावे आणि लवकर डॉक्टरांना दाखवावे. अंगावरचे दूध बंद करू नये.

घरातल्या मोठ्या मुलांच्या लशी पुऱ्या आहेत का तेही पाहा. मोठ्याची लस ही धाकट्याचे कुंपण आहे.

सहावा आठवडा चुकवू नका

पहिले बाळंतपण माहेरी होते. इथे एक घोटाळा होतो. नाव सासरच्या गावी नोंदलेले, बाळ माहेरच्या गावी. सासरच्या आशाताई म्हणतात, बाई इथे नाही. माहेरच्या आशाताईंच्या यादीत नाव नाही. दोन गावांच्या मधे बाळाचा डोस राहून जातो. यावर उपाय सोपा आहे. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घालून बरोबर न्या आणि माहेरच्या आशाताईंना पहिल्या आठवड्यातच दाखवा. कोणत्याही सरकारी केंद्रात बाळाला लस मिळते. गाव विचारून परत पाठवत नाहीत.

लस दिल्यावर बाळाला ताप येतो, मांडी सुजते, बाळ रडते. तो एक-दोन दिवसांचा त्रास असतो. नर्सताई सांगतील त्या मापाने तापाचे औषध द्या. पण या तापाला भिऊन पुढचे डोस बंद करू नका. जपान देशात असे घडले आहे. लस टोचल्यानंतर दोन बालके दगावली, म्हणून १९७५ साली तिथे भीती पसरली आणि लोकांनी मुलांना लस देणे सोडले. १९७४ साली त्या देशात डांग्या खोकल्याचे ३९३ रोगी होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली सुमारे १३,००० रोगी झाले आणि ४१ जण मेले. पुढे १९८१ साली तिथे कमी ताप आणणारी नवी लस आली आणि रोग पुन्हा हटला. आयांसाठीची टीडॅप त्याच जातीची आहे.

ही लस आली कुठून?

अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स नावाचे गाव आहे. तिथे पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन बाया सरकारी प्रयोगशाळेत काम करीत. दोघीही आधी शाळेत शिक्षिका होत्या. दोघींनाही लहानपणी डांग्या खोकला झालेला होता. १९३२ साली त्यांनी लशीचे काम हाती घेतले. दिवसाची नोकरी आटोपून त्या संध्याकाळी घरोघर जात. ते मंदीचे दिवस होते, लोकांच्या हाताला काम नव्हते. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्या खोकणाऱ्या मुलांच्या तोंडासमोर काचेची बशी धरीत आणि जंतू गोळा करीत. त्यांतून चांगली लस तयार झाली. पुढे घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशी तिला जोडल्या गेल्या आणि त्रिगुणी झाली.

भारतात १९७८ साली मुलांच्या लसीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्यात ही त्रिगुणी होती. १९८५ पासून तो टप्प्याटप्प्याने देशभर पसरला. आज आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये त्रिगुणी आणि पेंटाव्हॅलंट या दोन्ही लशी बनतात. ती संस्था १९६६ साली निघाली. तिच्या लशी परदेशातही जातात.

रोग झालाच तर

गाढविणीचे दूध, मध, जायफळ उगाळून चाटवणे, पोटावर चटके देणे, असे नाना उपाय लोक करतात. त्यांनी जंतू मरत नाही. चटक्यांनी बाळ भाजते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, त्याने वेगळाच घातक आजार होऊ शकतो. आणि या उपायांत जो वेळ जातो, तोच मोलाचा असतो.

पुढचे काही दिसले तर बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्या. श्वास मधेच थांबणे. ओठ किंवा जीभ निळी पडणे. दूध न ओढणे. उबळ येऊन परत परत उलटी होणे. झटके येणे. १०२ किंवा १०८ या नंबरावर फोन केला की गाडी येते. आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथून पाठवले तर नागपूरचे मेडिकल किंवा मेयो रुग्णालय आहे. उद्या बाजाराला जाताना दाखवू, असे म्हणू नका.

या रोगावर जंतू मारणारे औषध आहे. ते लवकर सुरू झाले तर जास्त गुण येतो. योग्य औषधाचे पाच दिवस झाले की रोगी सहसा दुसऱ्याला रोग देत नाही. औषध घेतले नाही तर तो खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवडे रोग वाटत राहतो. म्हणून डॉक्टर कधी कधी घरातल्या सगळ्यांनाच औषध देतात. ते सांगतील तितके दिवस पुरे घ्या.

आपसात विचारा

धडा वाचून झाला की वर्गात या प्रश्नांवर बोला.

१. तुमच्या गावात या घडीला किती बाया गरोदर आहेत? कोणाला कितवा महिना आहे?

२. टीडी आणि टीडॅप यांत फरक काय?

३. सहा आठवड्यांच्या आतले बाळ कोणाकोणाच्या घरी आहे? त्या घरात खोकणारे कोणी आहे का?

४. माहेरी आलेल्या बाळंतिणींची नावे आशाताईंच्या यादीत आहेत का? नसतील तर उद्या कोण जाऊन सांगणार?